रशिया नडू शकतो, पण घडवू शकतो का?

रशिया आज जगात नेमका कुठे उभा आहे, या प्रश्नाची आपल्याकडे दोन ठरलेली उत्तरं आहेत. काही जण म्हणतात रशिया संपला. युक्रेनला आठवड्याभरात गुंडाळायला निघाला होता आणि वर्षं उलटली तरी तिथेच रुतून बसलाय. बाकीचे म्हणतात, पश्चिमेने एवढे निर्बंध घातले, काय वाकडं झालं त्याचं? पुतिन सगळ्यांना पुरून उरले. दोन्ही बाजू रोजच्या बातम्यांतून आपापल्या सोयीचे पुरावे काढतात, आणि त्यातले बरेचसे पुरावे खरेच असतात. गोंधळ उडतो तो ताकद ही एकच वस्तू आहे असं धरून चालल्यामुळे.

मला हा विषय दोन भागांत पाहिल्यावर नीट कळतो. एक असते नडण्याची ताकद. दुसऱ्याचं काम अडवणं, त्याला जबर किंमत मोजायला लावणं, आपल्याला वगळून कोणताही निर्णय होऊ न देणं. दुसरी असते घडवण्याची ताकद. इतर देशांनी आपणहून तुमच्याबरोबर यावं, तुमचं चलन विश्वासाने जवळ ठेवावं, तुमच्या भरवशावर निर्धास्त राहावं, तुम्ही ठरवलेले नियम पाळण्यात त्यांना स्वतःचा फायदा दिसावा. रशियाकडे पहिली ताकद अजूनही प्रचंड आहे. दुसरी आटत चालली आहे. आणि जगाचा कारभार सध्या ज्या दिशेने चाललाय त्यात पहिलीचा भाव वधारलाय. म्हणून एकाच आठवड्यात हा देश आपल्याला भयंकर बलवानही वाटतो आणि खंगलेलाही.

वारसा मोठा, कमाई लहान

25 डिसेंबर 1991 ला गोर्बाचेव्ह यांनी राजीनामा दिला आणि सोव्हिएत संघाचे 15 देश झाले. रशियाच्या वाट्याला जवळपास तीन चतुर्थांश जमीन आली, पण लोकसंख्या निम्मीच. सोव्हिएत संघात सुमारे 29 कोटी लोक होते, रशियात उरले पंधरा कोटींच्या आत. सुरक्षा परिषदेतली कायमची खुर्ची आणि नकाराधिकार मात्र आख्खा मिळाला. युक्रेन, बेलारूस आणि कझाकस्तानात असलेली अण्वस्त्रंही 1996 पर्यंत रशियात गेली. त्या बदल्यात युक्रेनच्या सीमांचा आदर राखू, असं रशिया, अमेरिका आणि ब्रिटनने 1994 मध्ये बुडापेस्टला लिहून दिलं. तो कागद पुढे कुठे गेला हे सगळ्या जगाने पाहिलं.

म्हणजे महासत्तेची सगळी चिन्हं जवळ होती, पण ती पेलणारी अर्थव्यवस्था नव्हती. याचा चटका भारतालाही बसला. इस्रोला क्रायोजेनिक इंजिन आणि त्याचं तंत्रज्ञान देण्याचा करार रशियाने केला होता. 1993 मध्ये अमेरिकेच्या दबावापुढे अध्यक्ष येल्त्सिन यांच्या सरकारने तंत्रज्ञान देण्यातून अंग काढून घेतलं आणि फक्त तयार इंजिनं देऊ केली. रशियाच्या मैत्रीबद्दल आपल्याकडे नेहमी 1971 ची आठवण काढली जाते, ती रास्तच आहे. पण 1993 ही लक्षात ठेवायला हवं. मित्राची इच्छा आणि मित्राची ऐपत या वेगळ्या गोष्टी आहेत.

ऑगस्ट 1998 मध्ये रुबल कोसळला आणि सरकारने कर्जफेड थांबवली. त्यानंतर सातच महिन्यांनी, 24 मार्च 1999 ला, पंतप्रधान येव्गेनी प्रिमाकोव्ह विमानाने वॉशिंग्टनला निघाले होते. अमेरिकेचे उपाध्यक्ष अल गोर यांच्याशी बोलणी आणि नाणेनिधीकडून कर्ज, अशी दोन मोठी कामं होती. विमान अटलांटिकवर असताना गोर यांचा फोन आला की युगोस्लाव्हियावर नाटोचे बॉम्बहल्ले आता टळत नाहीत. सुरक्षा परिषदेची परवानगी नव्हती आणि रशियाचा विरोध कुणी मोजला नव्हता. प्रिमाकोव्ह यांनी विमान तिथूनच मागे वळवायला सांगितलं.

रशियात या प्रसंगाची आठवण आजही काढली जाते, आणि का ते समजून घ्यायला हवं. कर्जाची निकड असलेल्या देशाचा पंतप्रधान कर्ज सोडून परत फिरला, पण बॉम्ब पडायचे ते पडलेच. विमान वळवणं एवढंच रशियाच्या हातात होतं. रशियाला नडण्याची ताकद पुन्हा कमवायची आहे, हे मॉस्कोतल्या सत्ताधारी वर्गाने त्या दशकात मनाशी पक्कं केलं. जगात एकट्या अमेरिकेची चालू नये, अनेक केंद्रं असावीत, ही मांडणीही प्रिमाकोव्ह यांचीच. डिसेंबर 1998 मध्ये दिल्लीत येऊन त्यांनी रशिया, भारत आणि चीन या त्रिकोणाची कल्पना मांडली होती. आजच्या ब्रिक्स या रशिया, भारत, चीन आणि इतर काही देशांच्या गटाची मुळं शोधायची तर तिथपर्यंत जावं लागतं.

पुढचा भाग तेलाने लिहिला. 1998 मध्ये दहा-बारा डॉलरला मिळणारं बॅरल जुलै 2008 मध्ये 147 डॉलरवर गेलं. तिजोरी भरली, सैन्य सुधारलं. 2007 च्या फेब्रुवारीत पुतिन यांनी म्युनिकच्या परिषदेत अमेरिकेला जाहीर सुनावलं, 2008 मध्ये जॉर्जियात फौजा घुसल्या, 2014 मध्ये युक्रेनचा क्रिमिया घेतला, 2015 मध्ये सीरियात विमानं उतरवली. प्रत्येक वेळी पश्चिमेने निषेध केला, थोडेफार निर्बंध लादले आणि व्यवहार चालू ठेवले. नडलं की पदरात काहीतरी पडतं, हा धडा पक्का होत गेला.

24 फेब्रुवारी 2022 ची चूक या धड्यातून आली, असं माझं मत आहे. युक्रेन रशियाला सर्वांत जवळचा देश होता. भाषा, धर्म, नातीगोती, सगळं एकमेकांत मिसळलेलं. तिथे घडवण्याच्या ताकदीने जे टिकलं असतं ते रणगाड्यांनी मिळवायला गेल्यावर कायमचं गेलं. सर्वाधिक विध्वंस मारिउपोल आणि खारकीव्हसारख्या शहरांचा झाला, जिथे घराघरात रशियन बोलली जायची. मेलेल्या आणि जायबंदी झालेल्या माणसांचा आकडा दोन्ही बाजू मिळून लाखांत आहे. डावपेचांची चर्चा करताना हे विसरणारं विश्लेषण मला अर्धवट वाटतं.

नाक दाबलं, पण तोंड उघडलं नाही

नडण्याची ताकद कशी चालते आणि कुठे संपते, हे बघायचं तर गॅसची गोष्ट सविस्तर पाहायला हवी.

पश्चिम जर्मनीने सोव्हिएत संघाशी गॅसचा पहिला मोठा करार 1970 मध्ये केला. जर्मनीने पोलादी पाइप द्यायचे, सोव्हिएत संघाने गॅस. ऐंशीच्या दशकात अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांनी या वाहिन्या अडवायचा प्रयत्न केला, तरी युरोपने ऐकलं नाही. स्वस्त, भरवशाचा गॅस आणि त्यावर उभे राहिलेले रसायनांचे, काचेचे, खतांचे कारखाने, असं ते गणित होतं. 2021 मध्ये युरोपीय संघ आयातीतला सुमारे 45 टक्के गॅस रशियाकडून घेत होता, म्हणजे वर्षाला जवळपास 150 अब्ज घनमीटर.

युद्ध सुरू झाल्यावर रशियाने हा नळ टप्प्याटप्प्याने आवळला. नाक दाबलं की तोंड उघडतं, हा साधा हिशोब. ऑगस्ट 2022 मध्ये युरोपच्या बाजारात गॅसचा भाव मेगावॉट-तासाला 300 युरोंच्या वर गेला. सामान्य काळात तो वीस-पंचवीस असायचा. जर्मनीतले कारखाने बंद पडायला लागले, घरगुती बिलं भरायला सरकारांना कर्ज काढावं लागलं. हे सगळं खरं झालं. पण युरोप वाकला नाही. जर्मनीकडे द्रवरूप गॅस उतरवायचं एकही टर्मिनल नव्हतं, ते विल्हेल्म्सहाफेनला वर्षाच्या आत उभं राहिलं. नॉर्वे, अमेरिका, कतार इथून गॅस आला. सप्टेंबर 2022 मध्ये बाल्टिक समुद्राखाली नॉर्ड स्ट्रीमच्या वाहिन्या स्फोटांनी फुटल्या. 1 जानेवारी 2025 पासून युक्रेनमधून जाणारा पुरवठाही थांबला.

आता रशियाच्या बाजूने पाहा. तेल जहाजात भरून कुठेही पाठवता येतं. वाहिनीतला गॅस जिथे पाइप जातो तिथेच जातो. युरोपला मिळणारा गॅस यामाल आणि पश्चिम सायबेरियातून येत होता. चीनला जाणारी 'पॉवर ऑफ सायबेरिया' ही वाहिनी 2019 मध्ये सुरू झाली, ती पूर्व सायबेरियातल्या वेगळ्या विहिरींतून निघते. या दोन्ही जाळ्यांना जोडणारा पाइपच नाही. त्यामुळे युरोप गेला तर चीनला विकू, हे भाषणात सोपं असलं तरी प्रत्यक्षात नव्हतं. गॅझप्रोम या सरकारी कंपनीला 2023 मध्ये 629 अब्ज रुबलचा तोटा झाला. 1999 नंतर वार्षिक तोटा दाखवण्याची ही तिची पहिलीच वेळ.

यामालचा गॅस मंगोलियामार्गे चीनला नेणारी दुसरी वाहिनी अनेक वर्षं चर्चेत आहे. तिची क्षमता 50 अब्ज घनमीटर असेल. पहिलीची 38. दोन्हींची बेरीज केली तरी युरोपने घेतलेला जुना आकडा गाठला जात नाही. आणि चीन घाई करत नाही. सप्टेंबर 2025 मध्ये पुतिन बीजिंगला असताना या वाहिनीचा करारनामा झाल्याचं गॅझप्रोमने जाहीर केलं, पण भाव ठरला नव्हता. गॅसच्या करारात भाव ठरला नसेल तर बाकी काय ठरलं, हा प्रश्न विचारायलाच हवा. गरजवंत कोण आहे हे चीनला माहीत आहे.

डॉलर बंद झाला की काय होतं

युद्ध सुरू झाल्यावर पश्चिमी देशांनी रशियाच्या मध्यवर्ती बँकेचे सुमारे 300 अब्ज डॉलर गोठवले. अनेकांना प्रश्न पडतो, रशियाचे पैसे दुसऱ्याच्या हातात गेलेच कसे? परकीय गंगाजळी म्हणजे तिजोरीत रचलेल्या नोटा नव्हेत. ती बहुतांशी दुसऱ्या देशांच्या सरकारी रोख्यांत आणि बँकांत असते, म्हणजे शेवटी दुसऱ्याच्या वहीतली नोंद असते. गोठवलेल्या रकमेचा मोठा हिस्सा ब्रसेल्समधल्या युरोक्लिअर या संस्थेच्या खात्यांत आहे. वही ज्याची, त्याने नोंदीला हात लावू दिला नाही, एवढंच. घडवण्याची ताकद म्हणतो ती अशी दिसते. सगळं जग आपले पैसे विश्वासाने तुमच्याकडे ठेवतं, आणि त्यामुळे गोळी न झाडता तुम्ही कुणाचेही हात बांधू शकता.

अर्थात हे हत्यार वापरल्याची किंमत अमेरिका आणि युरोपही मोजत आहेत. आज रशिया, उद्या आपण, हा विचार अनेक राजधान्यांत झाला. 2022, 2023 आणि 2024 या तिन्ही वर्षांत जगभरच्या मध्यवर्ती बँकांनी दरवर्षी हजार टनांहून अधिक सोनं घेतलं. रिझर्व्ह बँकेनेही ब्रिटनमध्ये ठेवलेलं सुमारे 100 टन सोनं 2023-24 मध्ये देशात आणलं. जुनी व्यवस्था कोसळलेली नाही, पण तिच्यावरचा भरवसा पूर्वीसारखा बिनशर्त राहिलेला नाही.

मग रशियाने आपली दुसरी व्यवस्था उभारली का? याचं उत्तर गोव्यात मिळालं होतं. मे 2023 मध्ये शांघाय सहकार्य संघटनेच्या परराष्ट्रमंत्र्यांची बैठक बाणावलीला झाली. तिथे रशियाचे परराष्ट्रमंत्री सर्गेई लावरोव्ह यांनी पत्रकारांना मोकळेपणाने सांगितलं की भारतीय बँकांमध्ये रशियाचे अब्जावधी रुपये पडून आहेत, ते वापरता येत नाहीत, दुसऱ्या चलनात बदलावे लागतील. झालं असं होतं की युद्धापूर्वी भारत कच्च्या तेलात दोन टक्केसुद्धा रशियाकडून घेत नव्हता. पश्चिमेने पाठ फिरवल्यावर रशियाचं युरल्स प्रतीचं तेल ब्रेंट या जगात भावासाठी प्रमाण मानल्या जाणाऱ्या तेलापेक्षा बॅरलमागे वीस-तीस डॉलरने स्वस्त मिळू लागलं आणि बघता बघता आपल्या आयातीतला तिसऱ्या हिश्श्याहून अधिक वाटा रशियाचा झाला. 2023-24 मध्ये भारताने रशियाकडून सुमारे 61 अब्ज डॉलरचा माल घेतला आणि विकला जेमतेम चार अब्जांचा. एवढ्या रुपयांचं रशियाने करायचं काय? आपल्याकडून घ्यायला त्यांना तितकं काही नको होतं आणि रुपया बाहेरच्या बाजारात सहज चालत नाही.

यात आपल्या रुपयाचीही मर्यादा दिसते, ती मान्य करायला हवी. पण मुद्दा रशियाचा आहे. डॉलरला पर्याय हवा असं रशिया ब्रिक्सच्या प्रत्येक बैठकीत सांगतो. ऑक्टोबर 2024 मध्ये कझानला ब्रिक्सची परिषद भरवून पुतिन यांनी आपण एकटे पडलो नाही हे दाखवलंही. तरी रुबल साठवून ठेवावा असं यजमानांच्या पंगतीतल्या कुणालाही वाटलं नाही. व्यवहार कधी अमिरातीच्या दिर्‌हाममध्ये झाले, कधी युआनमध्ये. जून 2024 मध्ये मॉस्कोच्या शेअर बाजारात डॉलर आणि युरोची उलाढाल बंद झाली तेव्हा रोजच्या व्यवहारातलं मुख्य परकीय चलन म्हणून उरला तो युआन. अमेरिकेच्या वहीतून नाव कटलं आणि चीनच्या वहीत लिहिलं गेलं.

चीन: मित्र, गिऱ्हाईक आणि आणखी काहीतरी

1969 मध्ये उसुरी नदीतल्या एका बेटावरून सोव्हिएत आणि चिनी सैनिकांनी एकमेकांवर गोळ्या झाडल्या होत्या. तेव्हा धाक सोव्हिएत संघाचा होता. 2024 मध्ये दोघांमधला व्यापार 245 अब्ज डॉलरच्या घरात होता. रशियाच्या एकूण परदेशी व्यापारात चीनचा वाटा तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास, आणि चीनच्या व्यापारात रशियाचा सुमारे चार टक्के. या दोन आकड्यांमधलं अंतर बाकीच्या सगळ्या घोषणांपेक्षा जास्त बोलतं. पश्चिमी कंपन्या निघून गेल्यावर रशियात विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींत निम्म्याहून अधिक चिनी बनावटीच्या झाल्या.

तरीही रशियाला चीनचा मांडलिक म्हणणं मला पटत नाही. अण्वस्त्रं, अन्न, इंधन स्वतःचं असलेला देश सहज कुणाच्या ताटाखाली जात नाही. शिवाय चीनशी भांडण नसल्यामुळे सव्वाचार हजार किलोमीटरची सीमा निर्धास्त आहे आणि तिथल्या तुकड्या युक्रेनला हलवता आल्या. पण चीनही हात राखून असतो. 2024 मध्ये अमेरिकी निर्बंधांच्या भीतीने चिनी बँकांनी रशियन कंपन्यांचे पैसे आठवडेच्या आठवडे अडकवून ठेवले. 'मैत्रीला मर्यादा नाही' असं फेब्रुवारी 2022 च्या संयुक्त निवेदनात म्हटलं होतं. मर्यादा बँकेच्या काउंटरवर दिसली.

अंगणात काय चाललंय

एखाद्या देशाची घडवण्याची ताकद शेजाऱ्यांकडे पाहून कळते. जानेवारी 2022 मध्ये कझाकस्तानात दंगली उसळल्या तेव्हा अध्यक्ष तोकायेव्ह यांच्या मदतीला रशियाच्या नेतृत्वाखालची फौज धावून गेली आणि काम होताच परतली. याला म्हणतात दबदबा. त्याच वर्षी जूनमध्ये सेंट पीटर्सबर्गच्या मंचावर पुतिन शेजारी बसलेले असताना तोकायेव्ह यांनी सांगितलं की युक्रेनपासून तोडलेल्या दोनेत्स्क आणि लुहान्स्कला आम्ही मान्यता देणार नाही. अध्यक्षपद वाचवणाऱ्यालाच, त्याच्या घरात, तोंडावर दिलेला हा नकार होता. कझाकस्तानातही रशियन भाषिकांची मोठी वस्ती आहे, त्यामुळे युक्रेनमधलं तत्त्व उद्या आपल्याला लावलं जाईल ही भीती तिथे अगदी खरी आहे.

आर्मेनियाचं दुःख आणखी खोल आहे. तो रशियाचा करारबद्ध मित्र. नागोर्नो-काराबाख या आर्मेनियन वस्तीच्या वादग्रस्त प्रदेशात रशियाचे शांतिसैनिक तैनात होते. सप्टेंबर 2023 मध्ये अझरबैजानने हल्ला केला तेव्हा त्यांनी तो रोखला नाही, आणि काही दिवसांत लाखभर आर्मेनियन माणसं पिढ्यान्‌पिढ्यांची घरं सोडून निघून गेली. काराबाख कायद्याने अझरबैजानचा भाग आहे हे खरं, पण ज्याच्या भरवशावर माणसं तिथे राहिली तो भरवसा ऐनवेळी कामाला आला नाही. आर्मेनियाने रशियाच्या सुरक्षा संघटनेतला आपला सहभाग थांबवला. ऑगस्ट 2025 मध्ये आर्मेनिया आणि अझरबैजानचे नेते समझोत्यासाठी भेटले ते वॉशिंग्टनमध्ये, मॉस्कोत नव्हे. दक्षिण कॉकेशसमध्ये दोनशे वर्षं रशियाला विचारल्याशिवाय पान हलत नव्हतं, त्या मानाने हा बदल फार मोठा आहे.

डिसेंबर 2024 मध्ये सीरियातही तेच झालं. ज्या अध्यक्ष असद यांना 2015 पासून विमानांनी तारलं, त्यांची राजवट दोन आठवड्यांत कोसळली. रशिया त्यांना मॉस्कोत आसरा देऊ शकला, खुर्चीवर ठेवू शकला नाही. फिनलंड आणि स्वीडन नाटोत गेले. एकट्या फिनलंडमुळे नाटोची रशियाला लागून असलेली सीमा सुमारे 1,340 किलोमीटरने वाढली. नाटो दूर ठेवायला युद्ध केलं, असं रशिया सांगतो. परिणाम उलटा झाला.

तरीही हिशोबात धरावंच लागतं

इतकं वाचून रशिया संपला असं वाटत असेल तर थांबा. त्याच्याकडे साडेपाच हजारांच्या आसपास अण्वस्त्रं आहेत. अमेरिका आणि रशिया मिळून जगातली सुमारे 90 टक्के अण्वस्त्रं बाळगतात. गहू निर्यातीत रशिया जगात पहिला आहे, आणि इजिप्तमधली भाकरी त्यावर बरीच अवलंबून आहे. 2024 मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या सात टक्क्यांहून अधिक रक्कम सैन्यावर खर्च करूनही अर्थव्यवस्था कोसळलेली नाही. व्याजदर त्या ऑक्टोबरमध्ये 21 टक्क्यांवर न्यावा लागला होता, म्हणजे ताण आहे, पण मोडलेली नाही.

आणि एक क्षेत्र असं आहे जिथे रशिया आजही घडवतो. रोसाटोम ही सरकारी अणुऊर्जा कंपनी. कुडनकुलम, बांगलादेशातलं रूपपूर, तुर्कस्तानातलं अक्कुयू, इजिप्तमधलं अल दबा, या सगळ्या अणुभट्ट्या तिच्या. रूपपूरसारख्या ठिकाणी कर्जही रशियाच देतो. इंधन देतो, माणसं शिकवतो. भट्टी साठ वर्षं चालते, म्हणजे नातंही तितकंच टिकतं. युरेनियम समृद्ध करण्याच्या जगातल्या क्षमतेपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक रशियाकडे आहे, त्यामुळे पश्चिमेलाही रोसाटोमवर सरसकट निर्बंध घालणं जड गेलं. सगळा रशिया या वाटेने गेला असता तर आज चित्र किती वेगळं असतं, असं राहून राहून वाटतं.

जगाची घडीही रशियाच्या सोयीने विस्कटली आहे. 2 मार्च 2022 ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत आक्रमणाचा निषेध करणारा ठराव झाला तेव्हा बाजूने 141 देश होते, विरोधात पाच, तटस्थ 35. भारत आणि चीन तटस्थांत होते. जवळपास तीन वर्षांनी, फेब्रुवारी 2025 मध्ये, तशाच एका ठरावाला 93 मतं पडली, आणि विरोधात मत देणाऱ्यांत रशियाच्या बरोबरीने खुद्द अमेरिका होती. ऑगस्टमध्ये ट्रम्प यांनी पुतिन यांचं अलास्कात लाल गालिचा अंथरून स्वागत केलं. ज्याने नियम केले तोच ते बाजूला ठेवतो तेव्हा नियम मोडणाऱ्याचं एकटेपण संपतं. पण ही मेहेरबानी एका माणसाच्या मर्जीवर उभी आहे. त्याच ऑक्टोबरमध्ये अमेरिकेने रोझनेफ्ट आणि लुकऑइल या रशियाच्या सर्वांत मोठ्या तेल कंपन्यांवर निर्बंध लादले.

आपला संबंध

भारताच्या शस्त्रखरेदीत रशियाचा वाटा 2010 ते 2014 या काळात 72 टक्के होता, 2020 ते 2024 मध्ये 36 टक्क्यांवर आला. हे रशियाशी भांडून झालेलं नाही. फ्रान्स, इस्रायल आणि अमेरिका यांच्याकडून घेणं वाढलं, देशात बनवणं वाढलं, आणि रशियाचे कारखाने स्वतःच्या युद्धात गुंतल्यामुळे एस-400 सारख्या हवाई संरक्षण यंत्रणा उशिरा येऊ लागल्या.

दिल्लीची खरी काळजी मात्र शस्त्रांपेक्षा चीनची आहे. जून 2020 मध्ये गलवानला आपले वीस जवान शहीद झाले, त्यानंतर आठवडाभरातच संरक्षणमंत्री राजनाथ सिंह मॉस्कोला गेले होते. सप्टेंबरमध्ये परराष्ट्रमंत्री जयशंकर आणि चीनचे परराष्ट्रमंत्री वांग यी यांची भेट मॉस्कोतच झाली. तेव्हा रशिया दोघांनाही सारखाच जवळचा होता, म्हणून ती जागा दोघांनाही चालली. त्या वर्षी चीन-रशिया व्यापार सुमारे 108 अब्ज डॉलरचा होता, पुढे तो दुपटीहून वाढला. पुन्हा तसा प्रसंग आला तर मॉस्को तितकंच मोकळं असेल का, याची खात्री कुणी देऊ शकत नाही. मला तरी वाटतं की रशिया तटस्थ राहिला तरी आपण पुष्कळ मिळवलं.

हा बदल महाराष्ट्रात पाहायचा तर नाशिकजवळ ओझरला जावं. हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या तिथल्या कारखान्यात एकेकाळी मिग-21 बनली आणि नंतर सुखोई-30. डिसेंबर 2024 मध्ये आणखी 12 सुखोईंचं काम तिथेच मिळालं, 13,500 कोटींचं, आणि यात देशी भागांचं प्रमाण साठ टक्क्यांच्या वर आहे. त्याच ओझरला बनलेलं पहिलं तेजस मार्क-1ए 17 ऑक्टोबर 2025 ला तिथूनच उडालं. त्याचं इंजिन अमेरिकेचं आहे आणि तेही ठरल्या वेळेपेक्षा बऱ्याच उशिरा येऊ लागलं. त्यामुळे एकाकडून सुटून दुसऱ्याच्या हातात जाण्याची घाई दिल्लीला परवडणारी नाही, आणि सध्या तरी ती घाई दिसत नाही.